थर्माकोलवरची भूमिती

वर्तुळ काढायला कंपास लागतो, हे आमच्या सरांना कधी पटलंच नाही. खडू धरायचा, खांद्यातून हात फिरवायचा आणि फळ्यावर वर्तुळ हजर. पनवेलमधला पन्नाशीच्या आतबाहेरचा कुणीही माणूस गाठा आणि कमलाकर मोघे सरांचं नाव काढा. तो आधी हवेत हात फिरवून दाखवेल आणि मग बोलेल. मीही त्यांना सरच म्हणते. लग्नानंतर काही वर्षं 'अहो' म्हणून पाहिलं, पण अख्ख्या लाईन आळीत 'सर, सर' चाललेलं असताना एकट्या माझ्या 'अहो'ला ते ओ देईनात. शेवटी मीही सर म्हणायला लागले, तेव्हा कुठे बाजारातून वेळेवर कोथिंबीर यायला लागली.

मी वसुंधरा मोघे. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी केली, त्यामुळे माणसं सरळ आणि स्पष्ट बोलली नाहीत की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

सर शाळेतून निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या भूमितीचा क्लास घेऊ लागले. २०१७ साली त्यांचा जुना विद्यार्थी सुशांत खारघरहून आमच्याकडे आला. तो कॉम्प्युटरवाला. फोनवरचं इंटरनेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं आणि पोराटोरांच्या हातात मोबाइल आले होते. त्याचं म्हणणं, उलवे-उरणकडच्या मुलांचा पनवेलला येण्याजाण्यातच जीव जातो, तर सरांचा क्लास लाइव्ह करू, मुलं घरबसल्या शिकतील. सर आधी नाही म्हणाले. मग कॅमेऱ्यात स्वतःचं वर्तुळ बघितलं आणि लगेच हो म्हणाले. स्तुती कुणाला कडू लागते?

क्लास सुरू झाला. सर पुढच्या खोलीत, मी मधल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. भिंत पातळ, त्यामुळे मला फळा दिसत नसला तरी शब्द न् शब्द ऐकू यायचा. "हे बघा, हा कोन आणि हा कोन. ही इथून अशी इकडे आली. म्हणून हे आणि हे सारखं. कळलं?" फोनमधून पाच-पंचवीस आवाज एकदम 'हो सर' म्हणायचे. जन्मभर हे असंच चाललं होतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एक दिवस त्या 'हो सर'मधून एका मुलीचा आवाज वेगळा आला. "सर, हा मंजे कंचा?"

सर म्हणाले, समोर दिसतोय तो. मुलगी म्हणाली, मला दिसत नाय. सरांना वाटलं, रेंज गेली असेल. त्यांनी सुशांतला हाक मारली, सुशांतने काहीबाही बटणं दाबली. मुलगी शांतपणे थांबली होती. मग म्हणाली, "नेट चांगला हाय, सर. मला डोळ्यांनीच दिसत नाय."

सरांचा हात फळ्यावर होता तिथेच राहिला. मी गॅस बंद करून दारात आले.

ती कोमल. गव्हाणच्या कोळ्यांची पोर. लहानपणी तापात डोळे गेले. ब्रेल शिकलेली, फोनमधला बोलणारा आवाज ऐकून फोन सराईतपणे वापरणारी. सुशांत क्लासआधी आकृत्यांचे फोटो पाठवायचा, त्यावर तिचा फोन तिला नुसतं 'इमेज' एवढंच सांगायचा. त्रिकोण असो की वर्तुळ, सगळं आपलं 'इमेज'. तरी पोर रोज क्लासला हजर होती.

दुसऱ्या दिवशी तिची आई गंगाबाई आमच्या दारात उभी. ती पनवेलच्या मच्छीबाजारात बसते. डोक्यावर पाटी तशीच. आमच्या शाकाहारी उंबऱ्याशी कोलंबीची पाटी पहिल्यांदाच टेकली, आणि समोरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. मी त्यांना बघायचं तेवढं बघू दिलं. गंगाबाईने सांगितलं ते असं. अशा मुलांना दहावीला खालच्या इयत्तेचं सोपं गणित घ्यायची सवलत असते. कोमलच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, रुचिरा मॅडम, म्हणत होत्या की कोमलने तेच घ्यावं, उगाच नापास कशाला व्हायचं. पण कोमलला अकरावीला गणित हवं होतं. सोपं गणित घेतलं की ते दार बंद. मॅडमनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर भूमिती जमते असं दिसलं तर ठीक, नाहीतर सोप्या गणितावर सही.

"पोरीला गणित पायजे, सर," गंगाबाई म्हणाली. "सोप्पं नको. बाकीच्या पोरांना हाय तेच पायजे."

सर खोटं बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, भूमिती हा बघायचा विषय आहे, बघितल्याशिवाय तो कसा शिकवायचा ते मला माहीत नाही. गंगाबाई पाटी उचलून गेली. आणि मग मी बोलले, कारण मला राहवेना.

"इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही शिकवता," मी म्हटलं. "तुम्ही नुसते दाखवत होतात."

सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी मारून आले, चप्पल काढली आणि विचारलं, मग तुमच्या मते काय करायचं? मी म्हटलं, सोपं आहे. मला भिंतीमुळे फळा दिसत नाही, म्हणजे मी आणि कोमल एकाच बाकावर. मला जे कळेल ते तिला कळेल. तुम्ही 'हा', 'ही', 'इकडे', 'असं' म्हणालात की मी वाटीवर चमचा मारणार.

पहिल्या दिवशी मी इतके चमचे मारले की शेजारच्या वेणूताई आरती आहे समजून हात जोडून आत आल्या. क्लासमधली मुलं हसत होती, सर घामाघूम. 'हा कोन' म्हणायचे, की टण्ण. 'बरं, हा म्हणजे इथला', की टण्ण टण्ण. एकदा चिडून खडूच फेकला. जित्याची खोड, ती अशी कशी जाईल? पण माणूस जिद्दीचा. आठवडाभरात 'कोन अ ब क' यायला लागलं. मग 'बिंदू ड हा रेख ब क च्या बरोबर मध्यावर' यायला लागलं. पुढे तर भाजी आणायला गेले तरी 'तो भोपळा' म्हणेनात. 'खालच्या रांगेतला डावीकडून दुसरा' म्हणायला लागले. भाजीवाला मला म्हणाला, सरांची तब्येत बरी आहे ना?

शब्द आले, पण आकृती हाताला लागायला हवी होती. सरांनी पुठ्ठ्यावर त्रिकोण काढले, मी रेषांवर तांदळाचे दाणे चिकटवले. फेव्हिकॉल कशाला, म्हणून घरच्या कणकेची खळ केली; ही माझीच हुशारी. सुशांत मोटारसायकलवर जाऊन गव्हाणला पुठ्ठे देऊन आला. क्लास सुरू झाला आणि सरांनी मोठ्या तोऱ्यात विचारलं, कोमल, कर्णावर बोट फिरव, कसा लागतो? कोमल जरा घुटमळली. म्हणाली, सर, कर्ण कोंबड्यांनी खाल्ला. पाया थोडा उरलाय.

मी कपाळाला हात लावला. सर मात्र खदखदा हसले, कोमलही हसली, आणि मला वाटतं त्या दिवशी त्या दोघांची खरी गट्टी जमली. कारण हसून झाल्यावर कोमलनेच सांगितलं, दाणं नको सर, माज्याकडं दोरा हाय. ती आईबरोबर जाळी विणायची, बोटांना जाळ्याचं एकेक घर पाठ. घरात मासळीच्या बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यांचा ढीग. तिने एक झाकण घेतलं, त्यात टाचण्या टोचल्या आणि टाचण्यांना जाळ्याचा दोरा ओढून त्रिकोण केला. कोणता बिंदू कोणता ते कळावं म्हणून अ ला एक गाठ, ब ला दोन, क ला तीन. आईने फोन धरला आणि सरांनी पलीकडून ती आकृती बघितली. दोरा असा ताठ, की पट्टी लावून काढलेली रेष झक मारेल.

मग तिने समभुज चौकोनाची गोष्ट काढली. म्हणाली, सर, कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, हे तुमी काल सांगितलं ते मला म्हायती होतं. जाळ्याचं घर ताणलं की तसंच होतं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, वसू, ही मुलगी गणिताची आहे. मला आनंदाने भरून आलं. मला वसू म्हणून हाक मारायचं त्यांना सुचलं होतं, तेही एक होतंच.

पण सुखासुखी गाडी चालेल तर ते आमचं घर कसलं? क्लासमध्ये कळंबोलीचा मिथुन नावाचा मुलगा होता. त्याने एक दिवस लिहून पाठवलं, 'सर, आता काही कळत नाही. पाठ दिसते. तोंड दाखवा.' मिथुनला ऐकू येत नव्हतं, तो ओठ वाचून शिकायचा. आधी सर बोलून झाल्यावर फळ्याकडे वळायचे. आता कोमलसाठी रेष काढता काढता अखंड बोलायचे, तेही तोंड फळ्याकडे करून. म्हणजे एकीला मिळालं ते दुसऱ्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं. सर अगदी खचले. म्हणाले, एकीसाठी बोलत राहायचं आणि दुसऱ्यासाठी गप्प व्हायचं, मी काय दोन तोंडांचा आहे का?

सुशांतने सुचवलं, दोन वेगळे क्लास करू. ते सरांना आवडलं नाही आणि मलाही. बाजूला काढायचं तर शाळेने काढलंच होतं की. मग कोमलला विचारलं. तिने आधी विचारलं, मिथुनला किती वेळ तोंड दिसायला लागतं? मग म्हणाली, तुमी आधी तोंड कॅमेऱ्याकडं करून सगळं सांगा. मग वळा आनि गप्प काढा. तुमी काढाल तवर मी पन माझी काढते.

झालं. इतकं साधं. सर कॅमेऱ्याकडे बघून एकेक वाक्य सावकाश बोलायचे. मिथुन ओठ वाचायचा, कोमल ऐकायची. मग सर वळून गप्प आकृती काढायचे आणि त्या शांततेत गव्हाणला थर्माकोलमध्ये टाचण्या टोचल्याचा कर्र कर्र आवाज फोनमधून यायचा. सर वळले की मुलांना विचारायचे, झाली का? मग पुढचं वाक्य. क्लास हळू झाला खरा. पण गंमत अशी की बाकीची मुलं, चांगले डोळे-कान असलेली, तीही पटापट शिकायला लागली. आधी ती 'हो सर' म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. आता विसरेनात.

आणि दिवाळी आली.

रुचिरा मॅडमनी कोमलला शाळेत बोलावलं, सरांनाही. मी कशाला घरी बसते? गंगाबाईने त्या दिवशी बाजार बुडवला होता आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मॅडम वाईट नव्हत्या हो, मी उगाच कुणाच्या नावाने खडे फोडणार नाही. त्यांना खरंच वाटत होतं की पोर नापास झाली तर तिची शाळाच सुटेल. त्या स्वतः गणिताच्या. त्यांनी कोमलला सांगितलं, परीक्षेत तुझ्यासाठी दुसरं मूल लिहील, तुझ्यापेक्षा लहान इयत्तेतलं. त्याला भूमिती येत नसणार. तू सांगशील तेवढंच ते काढेल. तर आज मी ते मूल होते. स्पर्शिकांचं प्रमेय सांग. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखेच असतात, हे सिद्ध कर.

थर्माकोल घरी होतं. कोमलच्या हातात काही नव्हतं. सर उठायला लागले तसा मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. गंगाबाईने माझा हात पकडला, आणि मासे कापून कापून तिच्या हाताला केवढा जोर आलाय ते मला त्या दिवशी कळलं.

कोमल उभी राहिली. "मॅडम, एक वर्तुळ काढा. फार मोठं नको, उजवीकडं जागा ठेवा. केंद्राला म म्हणा. आता वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडं, म च्या सरळ रेषेत प बिंदू घ्या. प पासून वर्तुळाला वरून नुसती टेकेल अशी रेषा काढा. जिथं टेकली तिथं अ. तशीच खालून, तिथं ब."

मॅडमचा खडू चालला. कोमलने म ते अ, म ते ब आणि म ते प जोडायला सांगितलं. मॅडमनी जोडलं आणि नकळत म्हणाल्या, म्हणजे हा कोन काटकोन, असंच ना?

"हा मंजे कंचा, मॅडम?" कोमलने विचारलं.

सरांनी जोरात खोकून हसू गिळलं. मॅडम थबकल्या, म्हणाल्या, कोन म अ प. कोमल म्हणाली, हो, तोच. पन मॅडम, तुमच्या आकृतीत तो काटकोनासारखा दिसतो का? नसंल दिसत तर वरची रेषा वर्तुळात घुसली असंल, नुसती टेकली नसंल.

आम्ही सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. मॅडमची वरची रेष खरंच वर्तुळाला कापून आत गेली होती. मला तर ते आधी दिसलंच नव्हतं, आणि सरांनी नंतर कबूल केलं की कोमलकडे बघण्याच्या नादात त्यांनाही नाही. मॅडमनी डस्टर घेतला, रेष पुसली, पुन्हा काढली. त्यानंतर कोमल थांबली नाही. त्रिज्या स्पर्शिकेला लंब, म्हणून दोन्ही काटकोन. म प दोघांचा सामाईक कर्ण. म अ आणि म ब एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून प अ आणि प ब सारखे. एका दमात.

मॅडम खडू खाली ठेवून कोमलजवळ आल्या. तिचा हात हातात घेतला, तिला फळ्यापाशी नेलं आणि तिचं बोट त्या आकृतीवरून फिरवलं. खडूच्या रेषेत बोटाला काय लागणार? पण त्यांना तिला काहीतरी द्यायचं होतं, दुसरं काही सुचलं नसेल. म्हणाल्या, "फॉर्मवर पूर्ण गणित लिहिते." गंगाबाईने माझा हात सोडला आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही रडले. सर खिडकीबाहेर बघत उभे होते, त्यांचं काय चाललं होतं ते मला पाठीवरून कळत होतं.

परीक्षेत आठवीतली एक मुलगी कोमलची लेखनिक होती. बाहेर येऊन ती आपल्या आईला म्हणाली की मला आज भूमिती आली. निकालाच्या दिवशी कोमल शाळेत गणितात दुसरी. पहिलं कोण आलं ते मला विचारू नका, मी लक्षात ठेवलेलं नाही. गंगाबाईने मच्छीबाजारात दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना मासे कमी आणि बातमी जास्त विकली. मिथुनही चांगला पास झाला आणि आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेला. जाताना सरांना लिहून गेला, 'तोंड दाखवल्याबद्दल आभार.' सरांनी ते वाक्य आळीभर सांगितलं.

कोमलने अकरावीला गणित घेतलं. त्याच वर्षी सरांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं, आणि इकडे दहावीच्या नव्या मुलांचा वर्तुळाचा धडा तोंडावर आलेला. सुशांत म्हणाला, महिनाभर क्लास बंद ठेवू. सरांनी पाटीवर लिहिलं, 'कोमल घेईल.' मी वाचलं आणि सरांकडे बघितलं. अख्ख्या पनवेलला ज्या वर्तुळाचं कौतुक, ते त्यांनी एका ओळीत दुसऱ्याच्या हवाली केलं होतं. मला त्या माणसाचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

कोमलने गव्हाणहून क्लास सुरू केला. नव्या मुलांना तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी ताई शिकवणार, एवढंच. आम्ही दोघं पुढच्या खोलीत फोन लावून बसलो. तिने नमस्कार केला आणि आज स्पर्शिका करू या म्हणाली. तेवढ्यात खारघरच्या एका मुलाने मधेच विचारलं, ताई, तुमचा फळा दिसत नाहीये.

"मला पन दिसत नाय," कोमल म्हणाली. "मी सांगते, तुमी काढा."

आणि मुलांनी वह्या उघडल्या.